तक्रार तोंडातच, समाधान जगभर

मंडळी, रागाच्या भरात लिहितोय. लिहिण्यात चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत आठवडाभर नळाला पाणी नाही, टँकरवर भागवतोय. म्हणून आज नगरसेवकांच्या साप्ताहिक जनता दरबारात गेलो. बाकावर बसल्या बसल्या चौथीतली नदीवरची कविता आठवली. सगळा वर्ग ती एका सुरात म्हणायचा! मी गालातल्या गालात हसत होतो, तेवढ्यात एका कार्यकर्त्यानं माझा फोटो काढला. मग तोच म्हणाला,

"काका, साहेब तातडीनं बाहेर गेलेत. पुढच्या शनिवारी या."

तसाच परतलो. जिन्यातच सोसायटीच्या सेक्रेटरीबाई भेटल्या.

"अहो नाना, कमाल केलीत!"

त्यांच्या मोबाइलवर नगरसेवकांची पोस्ट, तिच्यात माझा तोच हसरा फोटो. खाली लिहिलेलं: 'पाणीप्रश्न सुटला! ज्येष्ठांच्या चेहऱ्यावर समाधान.'

"अहो, मी तोंडसुद्धा उघडलेलं नाही तिथे!"

बाईंचा चेहरा उतरला. "आणि मी आजचा टँकर रद्द केला की हो!"

त्यांनी लगेच टँकरवाल्याला फोन केला. टँकर दुसरीकडे गेलेला. आता उद्या दुपारी. वरच्या मजल्यावर ओली बाळंतीण आहे. तिच्या आईला हे सांगायला मीच गेलो.

तिकडे त्या पोस्टवर अभिनंदनाचा पाऊस पडतोय. सांगा मंडळी, माझ्या चेहऱ्यावरचं समाधान आता कुणाकडे परत मागू?