बिनवासाची गोळी
दिवंगत पत्नीची शाल आज सुनेने कपाटातून काढली, तिचा वास दरवळला आणि भोकरच्या आमच्या कापसात लावलेले कामगंध सापळे आठवले. बोंडअळीचे नर पतंग ओढून घेण्यासाठी सापळ्यात ठेवायच्या गोळीचा मला वासच आला नाही. गोळी बनावट समजून संतापून मी दुकानदाराविरुद्ध ग्राहक मंचासाठी चार पानी तक्रार लिहिली. पत्नी हसली. “वकीलसाहेब, तुमच्या नाकासाठी हाय का ती? लातूरला शिकणारी लेक सांगती, पतंगाच्या मिशीतल्या पेशीला गोळीतला मादीचा गंध लागला की पेशीचं दार उघडतंय, आत वीज खेळती अन् नर तिकडं निघतोय. उद्यापतोर थांबा.” सकाळी सापळ्यात पतंगच पतंग होते. तक्रार मी फाडली. “मामा, शालीला कसलाच वास न्हाई, धुऊ का?” आज शाल हातात घेऊन सुनेने विचारले. आयुष्यभर लेखी हरकती घेणारा मी एवढेच म्हणालो, “असू दे तशीच.”