पू आटला तेव्हा

माझ्या संशयाला औषध नाही, असं नवरा म्हणायचा. खोटं नव्हतं ते. नंदिगड्ड्याच्या रानात बांबू तोडताना त्याच्या तळहातात बांबूची फाक घुसली आणि हात कोपरापर्यंत सुजला, तेव्हा तर मला कुणाचाच भरवसा वाटेना.

जंगलखात्याच्या डेपोवर बेळगावकडचा एक डॉक्टर होता. त्यानं गळू कापलं, आणि रोज पट्टी बदलताना पुवाचा एक थेंब काचेवर घेऊन आत नेऊ लागला. मला ते मुळीच आवडलं नाही. आमच्याकडं नख-केससुद्धा परक्याच्या हाती लागू देत नाहीत, आणि हा बाबा नवऱ्याच्या अंगातला पू जपून ठेवतो! वर बोलायचा गोड. त्याचीच मला जास्त भीती वाटायची.

मग पू आटला. सासूबाईंनी लगेच चुलीत कोयता तापत घातला.

"पू बाहीर येईना म्हंजे आत शिरला. डाग दिल्याबगर हात वाचायचा न्हाई."

मला त्यांचंही पटेना. डाग देऊन बोटं आखडली तर नवरा नांगर कसा धरणार? सासूबाईंना कसंबसं थांबवलं, नवऱ्याला घेऊन तडक डेपो गाठला आणि डॉक्टरला म्हटलं, "त्या थेंबाचं काय करता ते दावा."

त्यानं बारीक गोष्टी मोठ्या करून दाखवणाऱ्या पितळी दुर्बिणीतून आधीची काच दाखवली. बारीक पेशींची नुसती झुंबड, त्यांच्या पोटात जंतूंचे ठिपके. कालच्या काचेवर गर्दी ओसरली होती. मोठमोठ्या पेशी होत्या, आणि त्यांच्या पोटात मेलेल्या बारक्या.

"जंतू खाऊन बारक्या मेल्या," डॉक्टर म्हणाला. "पंगत उठल्यावर उष्टी काढायला माणसं येतात ना, तशा ह्या मोठ्या आल्यात. पू आत गेला नाही, बाई, संपत आलाय."

"ही काच दुसऱ्याच कुणाची नसंल कशावरनं?"

तो चिडला. पण माझ्यासमोर जखमेतली ओल टिपून त्यानं नवी काच रंगवली. तेच दिसलं.

"आन् उष्टी संपल्यावर ह्या काय खातील? ह्यांचा हात?"

"नाही हो. निघून जातात."

"कुठं?"

"ते मलाही ठाऊक नाही."

त्याचं तेवढं एकच बोलणं मला खरं वाटलं.

घरी आलो तर कोयता निखाऱ्यात लाल झालेला. मी तो उचलून पाण्याच्या घंगाळात टाकला.

"हात गेला तर तुला सोडायची न्हाई!" सासूबाई कडाडल्या.

नवऱ्यानं दुखऱ्या हातानं आईचं बोट मुठीत धरलं आणि आवळलं.

"सोड मेल्या, मोडशील," म्हणाल्या, आणि घळाघळा रडायला लागल्या.