वजन नसलेला दोर

अकरावी-बारावीच्या फिजिक्सच्या पुस्तकात जगातली प्रत्येक वस्तू गुळगुळीत होती. टेबल गुळगुळीत, उतार गुळगुळीत, पुली गुळगुळीत. त्या पुलीवरून जाणाऱ्या दोराला वजन नव्हतं आणि कितीही ताणला तरी तो लांबत नव्हता. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या माझ्यासारख्या पोरीला हे सगळं इंग्रजीतून वाचायचं, मनात मराठी करायचं, गणित सोडवायचं आणि उत्तर पुन्हा इंग्रजीत लिहायचं, यातच निम्मा वेळ जायचा. उरलेला निम्मा लॉगच्या तक्त्यांत. उत्तर चुकलं की चूक पुलीत आहे, इंग्रजीत आहे की लॉगच्या ओळीत बोट घसरलं, हे शोधता शोधता जीव मेटाकुटीला यायचा.

प्रिलिमला मला शंभरपैकी एकतीस मिळाले. अमळनेरला आमच्या कॉलेजातल्या सरांनी पेपर हातात देताना सगळ्या वर्गासमोर सांगितलं, "हिचं अकरावीचं मेकॅनिक्स कच्चं आहे. रोज दहा गणितं सोडव, नाहीतर शिवणक्लास लाव." वर्ग हसला. मी परतीच्या गाडीत खिडकीला डोकं लावून धरणगावला उतरेपर्यंत बसून राहिले. शिवणक्लासचा मला अजून राग येतो.

रोज दहा गणितं सोडवायला जागा मात्र एकच होती. जानेवारीचे दिवस, वेचलेला कापूस विकायचा बाकी, त्यामुळे आतल्या दोन्ही खोल्या आढ्यापर्यंत कापसाने भरलेल्या. तिथे पाच मिनिटं बसलं की अंगाला खाज सुटायची. उरली पुढची खोली, आणि त्या खोलीत फळीवर आबा उताणे पडलेले. आबा म्हणजे माझे वडील. जळगावच्या डॉक्टरांनी त्यांना तीन महिने फळीवरून हलायचं नाही असं बजावलं होतं. त्यांची कंबर विहिरीवर मोडली होती.

ती हकिकत सगळ्या गावाला पाठ होती. आमच्याकडे पावसाळ्यात विहिरीचं पाणी चढलं की मोटार वर काढतात, आणि दिवाळीनंतर पाणी उतरलं की ती पुन्हा खालच्या टप्प्यावर सोडतात. डिसेंबरात तेच काम चाललं होतं. वर आबा आणि सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी, चाकावरून सोडलेला दोर धरून, आणि खाली टप्प्यावर मोटार झेलायला नाना, आबांचे धाकटे भाऊ. जड वस्तू सोडताना दोराचे बांधावरच्या लिंबाच्या खोडाला दोन वेढे द्यायचे, मग एकटा माणूससुद्धा ती हळूहळू सोडू शकतो, हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. त्या दिवशी वेढे नव्हते. नव्या दोराने सालदाराचे तळहात सोलले, त्याची पकड सुटली. आबा एकटे कठड्यावर ओढले गेले, कंबर दगडावर आपटली आणि त्यांनीही दोर सोडला. खाली नानांच्या पायाचा घोटा मोटारीखाली सापडला.

मग गावाने निवाडा केला. वेढा घ्यायचं सालदाराचं काम, तो विसरला. नानांनी दवाखान्यातूनच निरोप पाठवून त्याला काढून टाकलं. सालदाराचं साल आखाजी ते आखाजी, म्हणजे एका अक्षय्य तृतीयेपासून दुसरीपर्यंत चालतं, मधेच निघालेल्या माणसाला कोण ठेवणार? आबांबद्दल नाना एवढंच म्हणाले, "भाऊनी हात सोडा." भावाने हात सोडला या रागाने त्यांनी आमच्याकडे येणं बंद केलं. दोन्ही घरांमध्ये भिंत एकच. ते खोकले तर आम्हाला ऐकू यायचं, पण दीड महिना ते उंबऱ्याच्या आत आले नव्हते.

तर अशा आबांच्या शेजारी मी पुस्तक उघडून बसायची. त्यांना दिवसभर छताकडे बघण्यापलीकडे काही काम नव्हतं. पहिल्याच दिवशी म्हणाले, "मोठ्याने वाच, मराठीमा."

मी वाचलं. एक ठोकळा, एक पुली, वजन नसलेला दोर.

"दोरले वजन नही?" आबा म्हणाले. "असा दोर कोठे भेटस वं? माले बी एक आनी दे."

"आबा, गृहीत धरायचं असतं."

"कोनी सांगं?"

"सरांनी."

"त्या सरनी कधी विहीरमा दोर सोडा का?"

दुसऱ्या दिवशी उतारावरची गाडी. घर्षण नाही असं मी वाचलं आणि आबांनी हात कपाळावर मारला. घर्षण नसेल तर गाडी उभी कशी राहील, बैल पाय कशावर रोवतील, आणि ज्याने हे पुस्तक लिहिलं त्याने एकदा तरी भरलेली गाडी घाटातून उतरवली होती का, असे प्रश्न. तिसऱ्या दिवशी शिडी. गुळगुळीत भिंतीला टेकवलेली शिडी ऐकून ते इतके चिडले की आई स्वयंपाकघरातून धावत आली. मला दिवसात दहा गणितं सोडवायची होती आणि माझी दोन होत होती. कानात बोळे घातले तरी आबा बोलायचे. ओट्यावर जाऊन बसले तर तिथून हाक मारायचे. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला माझ्या वडिलांचा मनापासून वैताग आला होता, आणि वैताग आला म्हणून वाईटही वाटायचं, आणि वाईट वाटण्यात आणखी एक गणित बुडायचं.

आठवड्याभराने त्यांनी स्वतःचं गणित काढलं. "मोटार ऐंशी किलोनी. जिनिंगना काटावर मोजेल शे. मन्हं वजन पंचावन्न. मी दोर नही सोडता तं मोटार थांबती का नही? काढ."

मी म्हटलं, हे सिलॅबसमध्ये नाही.

रोज तेच. सकाळी चहा झाला की, "काढं का?" दुपारी भाकर खाताना, "काढं का?" परीक्षेला पाच आठवडे उरलेले. एका दुपारी लॉगच्या तक्त्यात तिसऱ्यांदा ओळ चुकली होती, आणि त्यांनी पुन्हा विचारलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तुम्ही त्या दिवशी दोर धरून ठेवला असता ना, तर आज माझा अभ्यास झाला असता!"

आबांनी मान भिंतीकडे वळवली. भिंतीपलीकडे नाना होते, त्यांनीही ऐकलं असणार. मला जीभ तोडून टाकावीशी वाटली. पण माफी मागायची आमच्या घरात कुणाला सवय नव्हती, म्हणून मी कोरं पान काढलं आणि त्यांचं गणित मांडायला घेतलं.

मांडताना लक्षात आलं की हे गणित पुस्तकातच आहे, बेचाळीस पानांपूर्वी. पुलीच्या एका बाजूला एक वजन, दुसऱ्या बाजूला दुसरं. एका बाजूला मोटार, दुसऱ्या बाजूला माझे वडील. आकृतीत दोन चौकोन काढायचे असतात. मी एका चौकोनात ऐंशी लिहिलं आणि दुसऱ्यात पंचावन्न.

ऐंशीतून पंचावन्न गेले पंचवीस. दोन्हींची बेरीज एकशे पस्तीस. पंचवीसला त्या बेरजेने भागून नऊ पूर्णांक आठने गुणलं, लॉग पाहिला, आणि उत्तर एक पूर्णांक एक्क्याऐंशी आलं. दर सेकंदाला वाढत जाणारा वेग. त्या गणितातली एक खोटही मला दिसत होती, आबा काही सरळ लटकले नव्हते. पण ढोबळमानाने उत्तर बदलत नव्हतं.

"आबा, मोटार थांबली नसती," मी म्हटलं. "तुम्ही कितीही घट्ट धरलं असतं तरी दोराने तुम्हालाच वर ओढून नेलं असतं. मोटार तुमच्यापेक्षा पंचवीस किलो जड होती. यात हिमतीचा प्रश्नच नाही."

"चाकनं घर्षण धरं का?"

"नाही."

"धर."

मी अंदाजाने धरून पाहिलं. मोटार जराशी सावकाश पडली, पण पडलीच. आबांनी डोळे मिटले. दीड महिना हा माणूस स्वतःला भित्रा समजत पडून होता, आणि मी त्याला सिलॅबस सांगत होते. माझी मलाच लाज वाटली, आणि त्याच वेळी फार आनंदही झाला. पहिल्यांदाच माझं एखादं गणित कुणाच्या तरी कामाला आलं होतं.

मी वही घेऊन नानांच्या दाराशी गेले आणि त्यांना हाताला धरूनच आणलं. ते काठी टेकत आले, उंबऱ्याशी थांबले, आत आले. मी सगळं गणित त्यांना वाचून दाखवलं, सरांसारखं मोठ्या आवाजात. मोटार ऐंशी, आबा पंचावन्न. नानांनी दोनदा आकडे विचारले. मग फळीजवळ येऊन म्हणाले, "म्हंजे भाऊ, तुन्ही चूक नव्हती. त्या सालदारनी वेढा लेवाले पाहिजे व्हता."

मला वाटलं, संपलं. आता चहा होईल.

आबा छताकडे बघत म्हणाले, "तो लेत व्हता. मी लेवू दिधा नही."

नाना फळीच्या कडेला बसले.

"पाच वाजता लाइट जानार व्हती. मी म्हनं, ऱ्हाऊ दे वेढा, दोन जन शेत, सोडी देऊ पटकन. त्यानी दोनदा सांगं माले. मी त्याले शिवी दिधी."

"आन् मी त्याले काढी दिधा," नाना म्हणाले. "तू बोलना काबर नही?"

आबांनी माझ्याकडे हात केला, "माले उठाड." डॉक्टरांनी मनाई केली आहे, आई ओरडली, मीही ओरडले, पण एका बाजूने नानांनी धरलं आणि मला दुसऱ्या बाजूने धरावंच लागलं. कंबर मोडलेला एक आणि घोटा मोडलेला एक, असे दोघे भाऊ मला बरोबर घेऊन भर दुपारी गावाच्या दुसऱ्या टोकाला, सालदाराच्या घराकडे निघाले. लोक ओट्यावरून उठून बघत होते. दर दहा पावलांवर आबा थांबायचे आणि दात आवळायचे. मी मनातल्या मनात पुस्तकाला, विहिरीला, वीज मंडळाला आणि त्या दोघांना शिव्या घालत चालत होते.

सालदाराच्या घराला कुलूप होतं. शेजारची म्हातारी अक्का दारात तूर पाखडत होती. ती म्हणाली, बायकापोरांना घेऊन तो धुळ्याकडे वीटभट्टीवर गेला, महिना झाला. गावात कुणी कामाला ठेवेना. ज्याच्या हातात दोर देता येत नाही त्याला कोण ठेवणार, असं लोक म्हणत होते.

"आखाजीले येसू म्हने," अक्का म्हणाली. "पन येईसन कोनाकडे ऱ्हाई?"

"मन्हाकडे," आबा म्हणाले.

मार्चमध्ये परीक्षा झाली. फिजिक्सला मला पुढे एकोणसाठ मिळाले. आखाजीला गावातल्या सगळ्यांनी आपापले सालदार ठरवले, आबांनी कुणालाच ठरवलं नाही. ते काठी घेऊन सकाळपासून ओट्यावर बसून होते. तो आला नाही.