उडवीतलं जनावर

दिवाळीत माझ्या धाकट्या दिरांनी गोठ्यामागे धामण मारली. बिचारी बिनविषारी, आमच्याच उंदरांवर जगणारी. पण धामण म्हशीच्या पायांना विळखा घालून दूध पिते असं इकडे सगळे मानतात, त्यामुळे दिरांचं कौतुकच झालं. मी म्हटलं, "भावजी, आता उंदीर तुम्ही खाणार का?" ते हसले. मला हसू आलं नाही.

दहिवलीच्या पुढे आमचं घर शेतातच आहे, भाताच्या पेंढ्याची उडवी गोठ्याला लागून. पौषापर्यंत त्या उडवीत उंदरांना नुसता ऊत आला. उंदरांच्या मागावर कोण येणार हे मला ठाऊक होतं. धामणीची जागा रिकामी होती. मला सासूबाईंची भीती वाटायची. सासू म्हणून नव्हे, त्या भल्या आहेत. पण त्यांना कमी ऐकू येतं, आणि रोज सकाळी कोपरापर्यंत हात घालून पेंढा त्याच उपसतात.

एका सकाळी भाकऱ्या थापताना कुकरची वाफ सुटावी तसा आवाज आला. गॅसवर कुकर नव्हताच. मी धावले. सासूबाई उडवीशी वाकल्या होत्या आणि त्यांच्या हातापासून वीतभरावर घोणस वेटोळं घालून फुत्कारत होती.

आमच्याकडे सापाचं नाव घेत नाहीत, घेतलं की तो येतो म्हणे. 'जनावर' म्हणायचं. माझ्याही तोंडून तेच निघालं, "आई, जनावर! जनावर!"

"देते गं, देते. भूक लागली हाय तिला," म्हणत त्यांनी हात आणखी आत घातला. त्यांना म्हैस वाटली.

मी पदराला धरून त्यांना मागे खेचलं. दोघी शेणात पडलो. घोणस पेंढ्यात आत सरकली. दीर काठी घेऊन आले आणि लांबच थांबले.

"ही धामण नाय," ते म्हणाले.

सर्पमित्राला फोन केला. तो खोपोलीत अडकला होता, उद्या येतो म्हणाला. दुपारी म्हैस रेकायला लागली. दुसरी वैरण नव्हती, आणि घट्ट रचलेली उडवी काठीने सुटत नाही. सासूबाई उठू लागल्या. मी त्यांना खाली बसवलं आणि स्वतः गेले. आत उंदीर खुडबुडत होते, तेवढाच धीर. ते हलताहेत तोवर घोणस जवळ नसेल. मी हात घातला.

उंदीर एकदम गप्प झाले.