हजेरीचा चौकोन

आमच्या शेजारणीला गल्लीत सगळे थुंकाताई म्हणतात. ती दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे आणि दिवसभर खुर्चीतल्या माणसांना "चूळ भरा, थुंका" असं सांगत असते. एकदा बसमधून उतरताना कंडक्टरलाही ती तंद्रीत तेच म्हणाली. हा किस्सा तिनेच सांगितला, म्हणून नावाचा तिला राग नाही. शाळेत मी तिला शिकवायचे तेव्हाही अशीच, स्वतःवर हसून मोकळी होणारी. अलीकडे मात्र हसण्याआधी ती भिंतीला टेकते.

घरात ती आणि तिचे वडील. आप्पा सुताच्या कारखान्यात पहारेकरी होते. आता ते विसरतात. जेवलो का हे विसरतात, समोरची बाई मुलगी की बहीण हेही कधी कधी विसरतात. नोकरी तेवढी विसरले नाहीत. एकदा "ड्यूटीला उशीर झाला" म्हणत फाटकाबाहेर पडले आणि संध्याकाळी हमरस्त्याच्या दुभाजकावर बसलेले सापडले, पायात एकच चप्पल. फाटकाला कुलूप लावून पाहिलं, तर हात सुजेपर्यंत त्यांनी ते बडवलं. सोबतीला ठेवलेली बाई आठवड्यात कंटाळून गेली. मी शेजारीच असते, पण माझ्यामागेही घर आहे आणि दोन कुरकुरणारे गुडघे आहेत.

मग ताईने दारावर कॅमेरा बसवून घेतला. अंगणात हालचाल झाली की तिच्या फोनवर सूचना येणार. आप्पा फाटकाशी दिसले तर ती मला फोन करणार, मी जाऊन त्यांना गप्पांत गुंतवणार. योजना चांगली होती. फक्त तिच्यात मांजर धरलं नव्हतं.

मांजर कठड्यावरून गेलं की सूचना. वाळत घातलेली चादर फडफडली की सूचना. वेल हलली, रस्त्यावरून ट्रक गेला, कॅमेऱ्याच्या तोंडाशी कोळ्याने जाळं विणलं, तरी सूचना. प्रत्येक वेळी ताई हातमोजा काढायची, फोन बघायची, नवा हातमोजा चढवायची. "वेलीसाठी हातमोजे बदलतेय मी, बाई," ती म्हणाली. "आज तर सावलीसाठी बदलले."

एका दुपारी दाढेचं काम चालू असताना तिच्या खिशात फोन थरथरला, हात हलला आणि लाळ ओढायची नळी पेशंटच्या घशाला लागली. बिचारा ओकारी देत उठून बसला. डॉक्टर तसे भले, पण त्या दिवशी म्हणाले, "एकतर पेशंटचं तोंड सांभाळ, नाहीतर फोन. असंच चाललं तर फोन माझ्या ड्रॉवरमध्ये राहील."

फोन ड्रॉवरमध्ये म्हणजे आप्पा रस्त्यावर, हे तिला कळत होतं. आणि नोकरी सोडली तर घर कसं चालायचं, हेही.

रविवारी ती कंबर कसून उठली. वेल छाटली, चादरींची दोरी मागच्या अंगणात नेली, जाळं पुसलं, रस्ता दिसू नये म्हणून कॅमेरा खाली झुकवला. फोनमध्ये 'फक्त माणूस दिसल्यास कळवा' असं निवडलं. शेवटी पडद्यावरच्या अंगणात बोटाने एक चौकोन आखला, नेमका फाटकाभोवती. चौकोनाबाहेर काही झालं तरी कॅमेऱ्याने गप्प बसायचं.

कॅमेरा गप्प झाला. दोन दिवस ताईचा चेहरा माणसात आला. रात्रीचं जेवण ती डुलक्या न घेता जेवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. "बाई, आप्पा फाटकाशी आहेत." मी गेले, त्यांना आत आणलं. भाजी फोडणीला टाकते न टाकते तोच पुन्हा फोन. पुन्हा गेले. तिसऱ्या खेपेला त्यांचा हात कडीवर होता.

"आप्पा, कुठे निघालात?" मी विचारलं.

"कुठे नाही. साहेब हजेरी घेत नाहीत."

"कुठले साहेब?"

त्यांनी काठीने कॅमेरा दाखवला. "पायरीपाशी उभा राहिलो, हात केला. दिवा लागला नाही. पुढे आलो, तरी नाही. इथे लागतो."

कॅमेऱ्याने काही टिपलं की त्यातला बारीक दिवा लुकलुकतो, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. कारखान्यात प्रत्येक फेरीला ठरलेल्या जागी घड्याळात किल्ली फिरवायची, तरच फेरी धरली जायची. आप्पांना हा दिवा तसाच वाटला होता.

संध्याकाळी मी ताईला सांगितलं. पायात बूट तसेच ठेवून ती पायरीवर बसली आणि फोनमधली जुनी चित्रं बघत राहिली. बऱ्याच चित्रांत आप्पा होते. ताठ उभे, हात वर, मग दिव्याची वाट बघून मागे वळणारे.

"मला वाटायचं, माशा हाकलतायत," ती म्हणाली. मग फोन मांडीवर उपडा ठेवला. "मांजर काढलं, वेल काढली, ट्रक काढले. त्यांच्याबरोबर आप्पाही काढून टाकले मी."

"मग परत घाल," मी म्हटलं.

तिने पायरीपाशी दुसरा, छोटा चौकोन आखला. चौकोनाला नाव द्या, असं फोनने विचारलं. पहिल्याला तिने 'फाटक' लिहिलं, दुसऱ्याला 'हजेरी'. दोघांचे आवाज वेगळे ठेवले: फाटकाला घंटा, हजेरीला नुसती टिकटिक. डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "घंटेला उठ. टिकटिकीला नळी सोडायची नाही."

आता दिवसातून काही वेळा तिच्या खिशात टिकटिक होते. ती फोन काढतही नाही. दमणं काही कमी झालेलं नाही. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी ती पिशवी खाली ठेवून उभी राहते, ते मला गच्चीतून दिसतं.

परवा दोन पेशंटांच्या मधे तिचा फोन आला. "बाई, बराच वेळ हजेरी नाही. फाटकही वाजलं नाही. मला आता आत जायचंय, जरा बघता?"

मी गेले. आप्पा वेताच्या खुर्चीत गाढ झोपले होते, तोंड उघडं, काठी मांडीवर आडवी. श्वास संथ चालू होता. उठवायचं जिवावर आलं. ताईला कळवावं, तर तिच्या हातात कुणाचा तरी जबडा असणार. मी पायरीपाशी जाऊन उभी राहिले आणि हात वर केला. दिवा लुकलुकला.

थोड्या वेळाने तिचा संदेश आला. "बाई, दुसऱ्याची हजेरी लावता?"

आणि त्याखाली, "झोपलेत ना? झोपू द्या."

पुढच्या फेरीची वेळ झाली तरी आप्पा जागे झाले नव्हते. गुडघे कुरकुरले. मी पुन्हा पायरीपाशी जाऊन उभी राहिले.