टॉवेल-टोपी घेऊन पोर्तुगीज सिनेमाला

कोल्हापुरात एका फिल्म क्लबात जुना पोर्तुगीज विनोदी सिनेमा दाखवणार आहेत आणि तो बघायला आपले व्याही गोव्याहून येणार आहेत, असा मुलाचा फोन आला. ह्यांनी ऐकून घेतलं आणि पंखा वाढवला.

दोन वर्षांपूर्वी मुलानं गोव्याच्या ख्रिश्चन मुलीशी नोंदणी लग्न केलं. मांडव नाही, मानपान नाही, व्याहीभेट नाही. ह्यांचं म्हणणं एकच, भेट झाली नाही म्हणजे व्याही नाहीत. त्यांच्यासाठी आणलेले टॉवेल-टोपी तेव्हापासून ट्रंकेत पडून होते. मी ते पिशवीत घातले, वर नारळ. ह्यांना म्हटलं, अंबाबाईला जाऊ, मग सिनेमा. अंबाबाईला हे नाही म्हणत नाहीत.

बिद्रीहून सकाळची एसटी धरली. तिकीट दोघांनाही अर्धं. मला बाई म्हणून, ह्यांना वयामुळे. इस्पुर्लीपर्यंत उभं राहावं लागतं, तेव्हा गुडघे दुखणाऱ्यांनी लवकरची गाडी बघावी. कळंब्याचं तळं दिसलं की पिशव्या आवरायला घ्यायच्या.

शुक्रवार, त्यामुळे दर्शनाला दीड तास रांग. मी काय मागितलं ते पिशवीतच होतं. बाहेर आल्यावर हे म्हणाले, “नारळ तसाच हाय की.” मी म्हटलं, राहू दे. ह्यांनी मिसळ खाल्ली, मला उपवास म्हणून दोन केळी.

खेळ चारचा, प्रवेश फुकट. व्याही दारातच उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून. त्यांनी हात जोडले. हे म्हणाले, “बसा पावणं.” रस्ता विचारणाऱ्यालाही हे पावणंच म्हणतात. मी दोघांच्या मधे बसले.

व्याह्यांनी हा सिनेमा दहा वर्षांचे असताना मडगावात पाहिला होता. अजून दर नाताळात त्यांच्या घरी लागतो. पोर्तुगालात तर आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांना पाठ आहे म्हणे.

सिनेमा काळापांढरा. एक न्हावी आजारी असल्याचं सोंग करतो, म्हणजे शेजारी जेवण आणून देतात. एवढं चित्रावरून कळलं. मग संयोजक पुढे येऊन म्हणाले की खालच्या इंग्रजी ओळी आलेल्याच नाहीत, क्षमा असावी. वीसेक माणसं, त्यातली निम्मी उठायला लागली.

तेव्हा व्याही उभे राहिले आणि प्रत्येक बोलणं मराठीत सांगू लागले. आवाज प्रार्थनेतला, मऊ. मागून कुणीतरी ओरडलं, “ऐकू येईना.”

ह्यांनी तीस वर्षं गुळाच्या सौद्यात बोली पुकारली आहे. थोडा वेळ हे खुर्चीचा दांडा धरून बसून राहिले. मग उठले आणि व्याही जे सांगत ते शेवटच्या रांगेपर्यंत पुकारू लागले.

“डॉक्टर म्हणतोय, ह्याला पंधरा दिस नुसतं पाणी द्या. आणि ह्यो म्हणतोय, डॉक्टर, मला आताच लई बरं वाटाय लागलंय.”

सगळे हसले. उठलेले परत बसले. अडचण एकच होती, व्याह्यांना सगळं पाठ असल्यानं ते विनोद यायच्या आधीच हसत, आणि ह्यांना पुकारायला काही मिळत नसे. शेवटी हे म्हणाले, “आधी सांगा, मग हसा.” दोन वर्षांतलं पावण्यांशी बोललेलं हे पहिलं पुरतं वाक्य.

दिवे लागले. ह्यांनी माझ्याकडे न बघता हात पुढे केला. “नारळ काढ.” मी नारळ दिला. “आणि टॉवेल-टोपी घरीच ठिवलीस व्हय?”

म्हणजे ट्रंक रिकामी झालेली ह्यांनी पाहिली होती. मी तेही दिलं.

“वाकू नका व्याही, टोपी पडंल,” असं म्हणून ह्यांनी त्यांना टोपी घातली आणि दोघांनी गळाभेट घेतली. संयोजकांना वाटलं सत्कार चाललाय, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

साडेसातच्या गाडीनं परतलो. या गाडीला जागा मिळते.

ट्रंकेत आता जागा झाली आहे, तिथे मी शाली ठेवल्या. सिनेमातलं माझ्या फारसं लक्षात नाही. हे मात्र रोज कुणाला तरी तो सिनेमा सांगतात. त्यातला डॉक्टर घरात शिरायच्या आधीच हे हसायला लागतात, आणि ऐकणारा नुसता तोंडाकडे बघत राहतो. काल मी म्हटलं, आधी सांगा, मग हसा.

“आमचं व्याही असंच हसत्यात,” हे म्हणाले.