न वाचता येणारा मुलूख

मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावाच्या पुढे डांबर संपतं आणि डोंगराच्या पायथ्याशी मोहाची वाडी लागते. तीस-बत्तीस घरं असतील. त्या वाडीतली बारावी झालेली पहिली मुलगी म्हणजे भिमा आणि बाईजाची दामिनी. ही १९९८ सालची गोष्ट. आश्रमशाळेच्या जयराम गुरुजींना पेपरात एक जाहिरात दिसली. तमिळनाडूत एका ट्रस्टचं नर्सिंग कॉलेज होतं आणि डोंगरगावच्या मुलींना राहणं, जेवण, शिक्षण सगळं फुकट होतं. गुरुजींनीच अर्ज भरला आणि जुलैच्या शेवटी बोलावणं आलं.

"लांब हाये का?" बाईजानं विचारलं.

"दोन रात्री गाडीत," गुरुजी म्हणाले.

बाईजा थोडा वेळ सुपातले खडे निवडत राहिली. मग म्हणाली, "जाऊ द्या. आमच्यातल्या कोनीतरी बघून तर येऊ द्या पल्याड काय हाये ते."

भिमानं पत्र्याची पेटी खांद्यावरून नेली आणि लेकीला कल्याण स्टेशनात गाडीत बसवलं. गाडी हलल्यावर खिडकीच्या गजाला धरून चार पावलं चालला आणि म्हणाला, "पानी उकळून पी गो."

मद्रासला कॉलेजच्या एक बाई घ्यायला आल्या होत्या. तिथून पुढे छोट्या रुळांची गाडी होती. पहाटे डोळा उघडला तेव्हा बाहेर नुसतं सपाट होतं. एक टेकाडसुद्धा नाही. नजर सुटली की सुटलीच, अडवायला कुणी नाही. मोहाच्या वाडीत सूर्याला डोंगर चढून यावं लागतं, म्हणून सकाळ उशिरा होते. इथं तो थेट भाताच्या खाचरातून वर आला, ओलाच. दामिनीला वाटलं, आपण अजून झोपेत आहोत.

ते वाटणं पुढे कितीतरी दिवस गेलं नाही. गावागावात देवळांची उंच गोपुरं होती. त्यांच्यावर रंगीत माणसं दाटीवाटीनं उभी असायची आणि संध्याकाळी त्यांच्या खांद्यावर पोपट येऊन बसायचे. बायका सकाळी दारात पांढऱ्या पिठाचे ठिपके सोडायच्या आणि त्यांच्याभोवती एका दमात रेघ फिरवायच्या, दुपारपर्यंत मुंग्या ती रेघ खाऊन टाकायच्या. एकदा कॉलेजच्या वाटेवर हजारभर बदकं रस्ता ओलांडत होती. एक माणूस हातात लांब काठी घेऊन त्यांच्या मागे शांतपणे चालला होता, आपल्याकडे गुरं वळतात तसा. बस थांबली, कुणी हॉर्न वाजवला नाही. दिवाळीला तर वर्षच उलटं झालं. घरी कापणी होऊन पेंढा रचायची वेळ, आणि इथं धो धो पाऊस. बायका गुडघाभर चिखलात भाताची आवणी करत होत्या.

हे सगळं ती पत्रात लिहायची. जयराम गुरुजी बाईजाच्या ओट्यावर बसून ते वाचून दाखवायचे. शुद्ध भाषेतली दोन-दोन पानी पत्रं. बाईजा ऐकून घ्यायची आणि शेवटी विचारायची, "पन ती जेवते ना?"

दामिनीला एकच गोष्ट टोचत होती. तिला वाचता येत नव्हतं. पुस्तकं इंग्रजी होती, ती कशीबशी जमत होती. पण कॉलेजच्या फाटकाबाहेर सगळं तमिळ. दुकानं, बस, औषधाच्या बाटल्या, भिंतीवरच्या जाहिराती. चिखलात खेकडे फिरल्यावर माग उमटतात तशी ती अक्षरं. ती टक लावून बघायची आणि अक्षरं गप्प राहायची. वाडीत सगळ्यांचे कागद वाचून देणारी मुलगी इथं शेजारच्या खाटेवरच्या सेल्वीला विचारायची, "हे काय लिहिलंय?" सेल्वी तिथल्याच शेतकऱ्याची मुलगी. हसून सांगायची, पण दर वेळी सेल्वी सोबत कुठून असणार?

नोव्हेंबरातल्या एका रविवारी दामिनी साबण आणि वही आणायला एकटीच गावात गेली. परतीची बस तिनं ओळखून ठेवली होती, हिरवी, पुढे पिवळा पट्टा. तशीच बस उभी होती. ती चढली, कंडक्टरपुढे पैसे धरले, त्यानं काहीतरी विचारलं, तिनं मान हलवली.

बराच वेळ गेला. कॉलेजजवळची पाण्याची उंच टाकी आली नाही. भातखाचरं विरळ झाली, मग वाळू दिसायला लागली, सुईसारख्या पानांची उंच झाडं आली. हवेला मिठाचा वास आला. उतरू की नको करत ती बसून राहिली आणि बस थांबली. सगळे उतरले. समोर समुद्र होता.

ठाणे जिल्ह्यात जन्मलेल्या दामिनीनं समुद्र कधी पाहिला नव्हता. मुरबाड सोडून कुठं जायचंच कारण नव्हतं. तो आभाळाच्या रंगाचा होता आणि आभाळाला चिकटलेला होता. कुठं संपतो ते कळत नव्हतं. भीती वाटायला हवी होती, पण अंगात एक सुस्ती आली. वाळूवर उलट्या घातलेल्या होड्या, त्यांच्या सावलीत झोपलेली कुत्री, लाटेचा तोच तोच श्वास. किती वेळ ती तशीच उभी होती कोण जाणे.

मग ती परत फिरली. थांब्यावर तीन बस लागल्या होत्या, तिन्ही हिरव्या. तिन्हींवर पाट्या. ती पाटीखाली मान वर करून उभी राहिली आणि तिला एकदम मुरबाडचा एसटी स्टँड आठवला.

ती चौथीत होती. बाईजा तिला घेऊन बाजाराला आली होती. परतताना गाडी लागली तेव्हा बाईजानं विचारलं, "दामे, ही कुठली गो गाडी?" आणि दामिनी सगळ्यांसमोर फणकाऱ्यानं म्हणाली होती, "लिवलंय ना वर! वाच ना!" आजूबाजूची माणसं हसली होती. बाईजाही हसली होती.

दामिनी तिथंच वाळूत बसली. तिला रडू आलं. वाट चुकल्याचं रडू ते नव्हतं.

"एन्ना मा?" डोक्यावर रिकामी टोपली घेतलेली एक मासे विकणारी बाई काय झालं म्हणून विचारत पुढे उभी होती. दामिनीनं कॉलेजचं नाव सांगितलं, दोनदा. बाईनं तिचा हात धरला. "वा, वा," म्हणाली. ही आपलं कौतुक का करतेय ते दामिनीला कळेना, मग लक्षात आलं की ती 'ये, ये' म्हणते आहे. बाईनं पाट्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. तिन्ही बसच्या तोंडासमोरून चालत गेली, शेवटच्या बसच्या काचेत लटकलेली लिंबं-मिरच्यांची माळ बोटानं दाखवली, चाकाच्या वरचा पोचा थोपटला आणि दामिनीला आत ढकलून स्वतःही चढली. पुढची सगळी वाट तिला स्वतःच्या शेजारी बसवलं आणि पाण्याची टाकी आल्यावर कोपरानं ढोसून उतरवलं.

त्या आठवड्यात दामिनीनं घरी पत्र लिहिलं नाही, चित्र काढलं. होडी, कुत्रं, बस, टोपली घेतलेली बाई. नंतर ती चित्रंच पाठवायला लागली. गोपूर, बदकं, पिठाची रेघ. गुरुजींना वाचायला काही उरलं नाही. बाईजा ती चित्रं हातात धरून खूप वेळ बघायची आणि शेजारच्या बुधीला बोलावून सांगायची, "हे बघ, हितं आमची दामी ऱ्हाते."

मे महिन्यात दामिनी सुट्टीला आली. मायलेकी मुरबाडच्या बाजाराला गेल्या. स्टँडवर गाड्या उभ्या होत्या. या वेळी दामिनीनं विचारलं.

"आये, तू गाडी कशी वळखतेस?"

"म्हंजे?"

"पाटी नाय वाचत, मंग?"

बाईजाला हा प्रश्न खुळा वाटला. "पाटी कशाला? ती बघ, त्या गाडीखाली बायका कोंबड्यांच्या डाला घेऊन हायेत, ती धसईची. त्या गाडीत पँटवाले चढतात, ती कल्यानची. आपल्या म्हशाच्या गाडीचा डायवर उतरला का आदी पानटपरीवर जातो. नायच कळलं तर कोनाच्या तोंडाकडं बघायचं न् मंग विचारायचं. सगळ्यांनाच नाय विचारायचं. काही लोक वसकतात."

दामिनीनं हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "आये, मी तवा तुला..."

"चौथीत होतीस," बाईजा म्हणाली. "लाल रिबीन होती. एक सुटली होती." आणि लगेच उठली. "चल, डायवर टपरीवर गेला."

दामिनी चार वर्षांत तमिळ बोलायला शिकली, वाचायला मात्र शेवटपर्यंत अडखळत राहिली. २००३ मध्ये तिला शहापूरला दवाखान्यात नोकरी लागली. खर्डीच्या सुनिलशी लग्न झालं, सापगावात भाड्यानं घर घेतलं. गोळ्या कधी घ्यायच्या ते ती पाकिटावर लिहायच्या आधी समोरच्या माणसाकडून एकदा वदवून घ्यायची. घाईच्या दिवशी इतर सिस्टर कुरकुरायच्या. ती म्हणायची, "होतंय गो, होतंय."

२००७ च्या फेब्रुवारीत सेल्वीच्या भावाच्या लग्नाचं बोलावणं आलं. भिमाला आता मोठा प्रवास झेपत नव्हता, म्हणून दामिनीनं आईला नेलं. तिला धास्ती होती, ही तिथं बावरेल, हात सोडणार नाही. उतरल्या दिवशीच बाईजा नाहीशी झाली. दामिनीनं गावभर शोधलं. तासाभरानं बाईजा समोरून चालत आली, केसांत मोगऱ्याचा गजरा.

"कुठं गेलतीस? हरवली असतीस ना!"

"अशी कशी हरवीन? साबनाच्या वासाचं दुकान, मंग मोडकी विहीर, मंग तुझ्या मैत्रिनीचं घर. बदकं काय दिसली नाय पन."

लग्न झाल्यावर दुपारी पाहुणे पांगले. सेल्वीची आई ओसरीत नवा तांदूळ पाखडायला बसली आणि बाईजानं न विचारता दुसरं सूप ओढलं. एक तमिळमध्ये बोलत होती, एक मराठीत. दामिनी मधे बसून इकडचं तिकडे सांगायला लागली, तशी बाईजा म्हणाली, "तू पड जरा. दमलीस. आमचं चाललंय."

दामिनी चटईवर आडवी झाली. दाण्यांचा आवाज येत होता. तांदळाच्या जाडीबद्दल काहीतरी, सुनेबद्दल काहीतरी, मधेच दोघींचं हसणं. काही शब्द कळत होते, काही नाही, आणि कोणते कुठल्या भाषेतले तेही हळूहळू कळेनासं झालं. तिचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा ओसरी रिकामी होती. सुपं भिंतीला टेकवून ठेवलेली. दूर, कापणी झालेल्या खाचरांमधल्या बांधावरून दोन लुगडी चालली होती, एक पुढे, एक मागे. पुढची कोणाची ते इथून कळत नव्हतं. दामिनीनं हाक मारली नाही. उन्हात ती दोन्ही ठिपक्याएवढी होईपर्यंत ती बघत राहिली.